ब्लॉन्ड केस घरच्या कलरने राखाडी झाले? मग या चुका अजिबात करू नका

आमच्याकडे वेंगुर्ल्यात चतुर्थीला चाकरमानी यायला आठ दिवस राहिले होते आणि मी माझे मे महिन्यातल्या लग्नासाठी केलेले ब्लॉन्ड हायलाइट्स थोडे "थंड", म्हणजे कमी पिवळे, दिसावेत म्हणून घरीच ॲश कलर लावला. पाकिटावर मस्त बेज केस होते. माझे झाले चुलीतल्या राखेसारखे, त्यात टोकांना जांभळट झाक. आजी बघून म्हणाली, "गो बाये, माझ्यापेक्षा तुझेच केस जास्त पिकले!"

आधी हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढची चूक ठरलेलीच. आपल्याला वाटतं केसातला रंग उडाला. उडालेला नसतो, उलट नको तो जास्त बसलेला असतो. ॲश म्हणजे निळं, जांभळं, कधी हिरवट पिगमेंट, आणि ते केसातला पिवळेपणा मारायला असतं. पण जास्त ब्लीच झालेल्या केसात मारायला पिवळं उरलेलंच नसतं, मग ते निळं-जांभळं तसंच दिसतं, म्हणजे राखाडी. त्यात ब्लीच केलेला केस स्पंजसारखा, टोकं तर सगळ्यात जास्त पितात, म्हणून मुळाशी बरं आणि खाली राख. पाकिटावरचा नंबर मी वाचलाच नव्हता. बऱ्याच कंपन्यांत टिंबाच्या आधीचा आकडा किती फिकट ते सांगतो (1 काळा, 10 एकदम फिकट) आणि टिंबानंतरचा झाक, 1 असेल तर ॲश, 3 असेल तर गोल्डन. माझा होता 9.1.

पहिली चूक, जी मी करणारच होते: परत ब्लीच. मावसबहीण रत्नागिरीत पार्लरमध्ये काम करते, तिला फोन केला म्हणून वाचले. राखाडीपणा घालवायला ब्लीच म्हणजे आधीच फाटलेल्या कपड्याला दगडावर आपटणं. ओला केस हलकाच ओढून बघा, रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल किंवा तुटत असेल तर घरचे प्रयोग बंद, सरळ पार्लर. आणि विहिरीच्या पाण्याने बादलीला तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे समजा, किंवा आधी धातूचे क्षार असलेली काळी मेंदी लावली असेल, तर तशा केसावर ब्लीच किंवा डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) पडला की केस गरम होऊ शकतो. चीलेटिंग शाम्पू (केसातले धातू काढणारा) मिळाला तर आधी त्याने धुवा, मेंदीचं मात्र पार्लरवालीला सांगूनच टाका, लपवू नका.

दुसरी चूक म्हणजे घाबरून वरून डार्क ब्राऊन. ब्लीच केलेल्या केसात ऊबदार, म्हणजे पिवळा-तांबूस, रंग नसतो, तो आधी न भरता ब्राऊन टाकलं की हिरवट, चिखलासारखं काहीतरी निघतं. जांभळा शाम्पू तर ताबडतोब बंद, तोही पिवळेपणा मारायलाच असतो, मी तोही नेमाने लावत होते बाई! लिंबू लावून उन्हात बसायचा सल्ला शेजारच्या काकूंनी दिला, तो पण नको, लिंबू आणि उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते. खायचा सोडा केस आणखी खरखरीत करतो.

मग केलं काय, तर क्लॅरिफायिंग शाम्पू (केसावर साचलेलं खोलवर धुणारा), कोमट पाण्याने, पाचेक मिनिटं फेस ठेवून, आणि मग भरपूर कंडिशनर. एक दिवस सोडून तीनदा. असा केस जितक्या पटकन रंग पितो तितक्या पटकन सोडतो पण, त्यामुळे जांभळट झाक दुसऱ्या धुण्यातच गेली. ओल्या केसावर काही ठरवू नका, ओला नेहमी गडद दिसतो, वाळल्यावर दिवसा उजेडात बघा.

उरलेल्या राखाडीवर ऊब परत घालायची, म्हणजे गोल्डन सेमी-परमनंट, डेव्हलपर नसलेला. बहिणीने सांगितलं तसं कानामागची एक बट आधी रंगवून बघितली, आणि पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर थोडा लावून बघणं, 48 तास आधी, ॲलर्जीचं काही सांगता येत नाही. टोकांना शेवटी लावा आणि दर पाच मिनिटांनी एक बट पुसून बघा, वेळ पाकिटावर आहे म्हणून तेवढा ठेवायचाच असं नाही. माझा बारा मिनिटांतच मधासारखा झाला, मी लगेच धुतला.

खोबरेल तेलाचं विचाराल तर कलरनंतर खुशाल लावा, पण शाम्पूच्या या धुण्यांमध्ये थांबा, नाहीतर शाम्पू तेल काढण्यातच संपतो. समुद्रावर जाणार असाल तर आधी साध्या पाण्याने केस भिजवा, मग खारं पाणी कमी शोषलं जातं. आजी आता म्हणते हा रंग बरा, पण मूळचा काळाच बरा होता.