खरड छाटणी झाली, आता अँगलचं बूड बघा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडं बहुतेक द्राक्षबागांची खरड छाटणी (घड काढल्यानंतरची मोठी छाटणी) एप्रिलमध्ये उरकते. नवी फूट मांडव झाकेपर्यंत त्याचं लोखंड, म्हणजे तारा पेलणारे अँगल, उघडं असतं. रंगकामाला हाच वेळ. पण आपण वरवर ब्रश फिरवतो, आणि अँगल कुजतो जमिनीलगत. तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात, शिवाय खताचे क्षार. माझ्या बागेत कडेचा अँगल ऐन फेब्रुवारीत, घड भरलेले असताना, बुडातून मोडला. वरचा रंग मात्र नवा कोरा! तारांचा ताण सुटला आणि अख्खी ओळ बसली.

म्हणून प्रत्येक अँगलभोवती वीतभर माती उकरा आणि हातोडीनं ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला, पापुद्रे गळाले, तर रंगावर पैसे घालू नका. जमिनीत नीट रोवलेला नवा तुकडा वरच्या शाबूत लोखंडाला वेल्डिंग करून घ्या. ड्रिपची नळी तेवढी आधी बाजूला करा, ठिणगीनं जळते.

शाबूत अँगलचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडा, पॉलिश पेपर मारा, थिनरच्या फडक्यानं पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. ते नुसतं अस्तर आहे. त्यातून ओल आत जाते. वर ऑइल पेंटचे दोन हात हवेतच. मातीतल्या भागाला आणि वर चार बोटं काळा डांबरी रंग द्या. काही जण जळकं ऑइल फासतात. त्यावर पुढं कुठलाच रंग धरत नाही आणि मुळाशी ऑइल मुरतं ते वेगळंच. मे महिन्यात दुपारी अँगलला हात लावता येत नाही, तेव्हा रंगाला फोड येतात. सकाळी आठ ते अकरा काम करा, दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

आता बोर्डोचं, म्हणजे बुरशीसाठी फवारतो त्या मिश्रणाचं. एक टक्क्याला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, यात तांबं असतं) आणि 1 किलो चुना. पण चुना जुना, हवा लागलेला असला की कमी पडतो. द्रावणात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे. चुन्याची निवळी वाढवा. हे आपण पानं जळू नयेत म्हणून करतो, पण विळ्यावर जे चढतं तेच रंग उडालेल्या अँगलवरही चढतं, आणि तांब्याच्या सोबतीनं लोखंड दुप्पट जोमानं गंजतं. मोरचूद भिजवायलाही प्लॅस्टिकचा ड्रम घ्या, लोखंडी पिंप नको.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला अँगल असेल तर तारेचा ब्रश लावू नका, जस्ताचा थर निघतो. नव्या जीआयवर थेट ऑइल पेंटही टिकत नाही, सोलून निघतो. फक्त वेल्डिंगचे डाग आणि तारेची भोकं बघून तिथं झिंकचा रंग लावा. आणि अँगलच्या बुडाशी टेकलेला ड्रिपर हातभर सरकवा.