परदेशात संकट आल्यास भारतीय दूतावासाची मदत कशी घ्यावी

परदेशात काही विपरीत घडले की दूतावास सगळे पाहून घेईल, असे गृहीत धरणारे प्रवासी बरेच असतात आणि दूतावास काहीच करत नाही, असे ठामपणे सांगणारेही कमी नसतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. दूतावास कोणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही, चोरीचा तपास करत नाही आणि रुग्णालयाचे बिलही सहसा भरत नाही. प्रवासाची कागदपत्रे देणे, अटकेतील नागरिकाची भेट घेणे, वकिलांची नावे सुचवणे आणि घरच्यांपर्यंत निरोप पोहोचवणे ही मात्र त्याची कामे आहेत आणि ती हक्काने मागावीत.

निघण्यापूर्वी आपण जिथे जाणार तो भाग कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, ते पाहून घ्यावे. लंडन, सिंगापूर किंवा कोलंबो येथे दूतावासालाच उच्चायुक्तालय म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत दूतावास अबुधाबीला असला तरी दुबई आणि शारजा येथील भारतीयांचे काम दुबईचा महावाणिज्य दूतावास पाहतो. लिकटेनस्टाइनमध्ये तर भारताचा दूतावासच नाही. तिथले काम स्वित्झर्लंडमधील बर्नहून चालते. संबंधित कार्यालयाचा आपत्कालीन क्रमांक संकेतस्थळावरून घेऊन कागदावर लिहावा आणि तो सहप्रवाशाकडेही द्यावा, कारण फोन आणि पाकीट बहुधा एकदमच चोरीला जातात. पासपोर्ट व व्हिसाचे नेहमीचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्राचा क्रमांक वेगळा असतो आणि रात्री दोन वाजता त्याचा काही उपयोग नसतो.

सर्वाधिक वेळा उद्भवणारी अडचण म्हणजे पासपोर्ट हरवणे. समजा, फुकेतला तो चोरीला गेला. पहिले काम दूतावासाला फोन करण्याचे नसून पोलिसांत तक्रार नोंदवण्याचे आहे. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. तक्रारीची प्रत हातात पडताच तिथेच उभे राहून आपल्या नावाचे स्पेलिंग आणि पासपोर्ट क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहावा आणि पोलिसांचा शिक्का आहे ना, याची खात्री करावी. त्यानंतर बँकॉकच्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. जुन्या पासपोर्टची प्रत आणि छायाचित्रे जवळ असली तर काम लवकर होते. प्रत नसेल तर नागरिकत्वाची पडताळणी भारतातून करून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवण्याचा सल्ला एरवी कंटाळवाणा वाटतो, तो या क्षणी पटतो.

तातडीने परतायचे असल्यास दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. ते केवळ भारतात परतण्यासाठी आणि एकाच प्रवासासाठी असते. त्यावर पुढची सहल करता येत नाही. शक्यतो थेट विमानाने यावे, कारण मधल्या देशात या कागदावर विमान बदलू देतील की नाही, हे त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असते. शिवाय हरवलेल्या पासपोर्टबरोबर प्रवेशाचा शिक्काही गेलेला असतो. म्हणून थायलंडमध्ये विमानतळावर जाण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयातून ती नोंद नव्या कागदावर करून घ्यावी लागते, आणि तिकिटाची नवी तारीख तेवढे दिवस हिशेबात धरूनच ठरवावी. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट नंतर सापडला तरी तो रद्द झालेला असल्याने वापरता येत नाही.

अटक झाल्यास ‘मला भारतीय दूतावासाशी संपर्क साधायचा आहे’ हे वाक्य स्पष्टपणे आणि वारंवार म्हणावे. वाणिज्यदूतांच्या कामाविषयीच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अशी मागणी केल्यावर विनाविलंब दूतावासाला कळवणे स्थानिक यंत्रणेवर बंधनकारक आहे. याच कलमाचा भंग पाकिस्तानने केल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी दिला होता. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा.

आजारपणात आधी रुग्णवाहिका, मग विमा कंपनीची मदतवाहिनी आणि त्यानंतर दूतावास, हा क्रम ठेवावा, कारण कंपनीला वेळेत कळवले नाही तर दावा अडकू शकतो. खरोखरच निराधार अवस्थेतील नागरिकांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तातडीचे उपचार, परतीचे तिकीट किंवा पार्थिव मायदेशी आणणे यांसाठी त्यातून मदत मिळते, मात्र आर्थिक स्थिती तपासून. पार्थिव आणण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतिपत्र आणि शवलेपनाचे प्रमाणपत्र लागते. मृत्यू अनैसर्गिक असेल तर पोलिसांचा अहवालही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आणि केवळ ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असलेल्या नातेवाइकांनी मात्र आपल्या नव्या देशाच्या दूतावासाकडेच जावे. भारतीय नागरिकाच्या बाबतीत दूतावासाकडून उत्तर येत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती रत्नागिरी किंवा नांदेडला बसलेले घरचे लोकही नोंदवू शकतात. त्यांच्याकडे पासपोर्ट क्रमांक, सध्याचा ठावठिकाणा आणि घटनेची तारीख एवढा तपशील हवा, आणि पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तक्रारीचा क्रमांक लिहावा.