एका पायावर भार टाकून उभा असलेला माणूस कसा काढावा

दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फार वेळ कुणी उभं राहत नाही. एक पाय ताठ, दुसरा ढिला. सराव याच स्थितीचा करा. सावधान उभ्या माणसात हाडांची हालचाल कळतच नाही.

अर्धा इम्पीरियल (साधारण १५ x २२ इंचांचा) कागद, कोळशाची काडी आणि ओळंबा एवढं पुरे. ओळंब्याला दोरा नि खाली बांधलेला एखादा जड नट चालतो.

डोक्याचा माथा आणि टाच यांच्या खुणा आधी करून घ्या, नाहीतर पावलं कागदाबाहेर जातात. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट, आणि मध्य येतो जांघेपाशी, कमरेपाशी नव्हे.

आता एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून ओळंबा गळ्याखालच्या खळगीवर धरा. समोरून पाहताना दोरा ताठ पायाच्या आतल्या घोट्याजवळ उतरतो. ही उभी रेघ कागदावर पहिली यायला हवी. ती दोन पावलांच्या मधोमध घेतली की आकृती कलंडते, मग वरचे स्नायू कितीही घोटा.

पुढे दोन तिरक्या रेघा. ताठ पायाच्या बाजूला कटी (कमरेखालचा, मांड्या जिथे जोडल्या जातात तो हाडांचा भाग) वर जाते, खांदा खाली येतो. दोन्ही एकाच बाजूला झुकवणं ही नेहमीची चूक. डोळ्यावर विसंबू नका, कोळशाची काडी आडवी धरून कल ताडून पाहा. छातीचा पिंजरा आणि कटी हे दोन वेगळे ठोकळे समजा: ताठ बाजूला ते जवळ येऊन कातडीला घडी पडते, दुसरी बाजू ताणली जाते. ढिल्या पायाचा गुडघा ताठ पायाच्या गुडघ्याखाली दिसतो. घोटे मात्र कुठल्याही पायाचे एका पातळीत काढू नका. आतला वर, बाहेरचा खाली.

चेहरा शेवटी. चित्रकलेच्या परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या (आठवणीतून काढायच्या चित्राच्या) पेपरमुळे डोक्यापासून खाली उतरायची सवय लागलेली असते, ती इथे मोडावीच लागते.

प्रत्येकी २ मिनिटांची १० चित्रं, मग २० मिनिटांचं एक. पहिल्या दहांत खोडरबर नको.

मॉडेल नसेल तर रांगेतली माणसं काढा. पँटचा पट्टा कटीचा कल उघड दाखवतो. साडीत तो निऱ्यांआड जातो, तिथे गुडघे पाहून अंदाज बांधा. खांद्यावर जड पिशवी असेल तर तो खांदा उचललेला असतो, तेव्हा खांद्याचा वरचा नियम लावू नका.