गावातल्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी करायला येताय?

मालवण तालुक्यातल्या गावांत मी नोकरीभर आरोग्यसेविका म्हणून फिरले. आता निवृत्त आहे. समाजकार्याचे, नर्सिंगचे विद्यार्थी वृद्धांवरचा प्रकल्प घेऊन येतात आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. सगळ्याचं मूळ एकच आहे : उत्तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून घ्या. मुलाकडून नको, सुनेकडून नको, सरपंचाकडून तर नकोच.

आधी वेळ बघा. आषाढात भाताची लावणी असते, तेव्हा ऐंशीची आजीसुद्धा वाकून तरवा (भाताची रोपं) काढत असते. गणपतीत आणि मे महिन्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात. त्या दिवसांत "घरात माणसं किती?" विचारलंत तर भरलं गोकुळ कागदावर येईल, आणि वर्षातले बाकीचे महिने एकटी राहणारी बाई तुमच्या अभ्यासातून गायब होईल. म्हणून प्रश्न असा विचारा : "गेल्या श्रावणात रात्री घरात कोण कोण झोपायचं?" मुलाखतींना दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ चांगला. पण पडण्याबद्दलचा अभ्यास असेल तर भर पावसात एक फेरी माराच. मागील दारापासून संडासापर्यंतची वाट, शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्या, न्हाणीघराचा उंबरठा हे डिसेंबरात दिसत नाही.

वय हा पहिला अवघड प्रश्न. आधार कार्डावर बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे ती कुणीतरी अंदाजाने घातलेली. तिच्यावर विसंबू नका. इथल्या लोकांच्या आठवणीतल्या घटनांची यादी सोबत ठेवा. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ला. गोवा सुटला डिसेंबर १९६१मध्ये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. मग विचारा, "भूकंप झालो तेव्हा तुजा लगीन झाला होता काय? पदरात पोर होता?" त्या वेळी थोरला मुलगा रांगत होता एवढं कळलं तरी त्याच्या शाळेच्या दाखल्यावरून आईच्या वयाचा बराच नेमका अंदाज येतो. घाई करू नका. या आठवणी सांगताना आजीचा आवाज मोकळा होतो आणि पुढची उत्तरं खरी येतात. वयावरच तर तुमचे सगळे निष्कर्ष उभे राहणार आहेत, तेव्हा इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

त्याआधी संमती हवीच. कॉलेजच्या नैतिक समितीची मंजुरी असल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका. संमतीपत्र वाचून दाखवा, मालवणीत समजावून सांगा. अंगठा घेणार असाल तर तुमच्या प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवा. स्मृतिभ्रंश असेल तर घरच्या जबाबदार माणसाची संमती लागते, पण तेवढ्यावर थांबू नका. आजोबांनी हात मागे घेतला तर तो नकारच समजा.

"काही त्रास आहे का?" असं विचारलंत तर "काय नाय गो बाय, बरा आसा" हेच उत्तर मिळेल. आयुष्यभर दुखणं अंगावर काढलेली ही माणसं आहेत. कामांबद्दल विचारा. अंघोळ, कपडे, संडासापर्यंत जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण या सहा गोष्टी जगभरच्या अभ्यासांत विचारतात. आपल्याकडे त्यात आणखी विचारावं : विहिरीचं पाणी कोण काढतं? जमिनीवर बसलं तर कशाचा आधार घेऊन उठता? रात्री एकटं बाहेर जावं लागतं का?

चालण्याची चाचणी सोपी आहे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. हातांची खुर्ची घ्या. प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवा, नाहीतर सरकते. सारवलेलं सपाट खळं चालेल, पण ते कोरडं असावं. आणि तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७० हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. त्यात हाताच्या पकडीची ताकद मोजली, शब्द ऐकवून आठवायला लावले. तुम्हीही स्मरणाची चाचणी घ्याल, तर आधी ऐकू येतं का ते बघा. बहिऱ्या माणसाला विसरभोळा ठरवणं हा अन्याय आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला लिहायला, वाचायला लावणारे प्रश्न देऊ नका.

आता अहवाल. नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं वाडीत होत नाही. "एकटी राहणारी, ८५ वर्षांची, मुलगा विचारत नाही" असं लिहिलंत की सगळी वाडी ओळखते. वाडीचं नाव काढा, वय गटात द्या, मुलाबद्दलचं वाक्य पूर्ण गाळा.

रक्तदाब जास्त निघाला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी द्या, पदवी मिळेपर्यंत थांबू नका. घरात छळ दिसला तर वृद्धांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, पण तो आजीच्या हातात, सुनेसमोर नव्हे. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निष्कर्ष मराठीत वाचा. पंचायतीला जमण्यासारख्या दोन-तीनच मागण्या लेखी ठेवा : पाणंदीला दिवा, पायऱ्यांना कठडा, आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांसाठी वेगळी रांग. त्या अर्जाची पोच घेऊनच गाव सोडा.