फुटबॉल वर्ल्ड कपचे बेस्ट प्लेअर कसे निवडायचे, आमच्या सांगलीच्या ग्रुपची पद्धत

आमचा आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे, सांगलीत गावभागात एका मित्राच्या दुकानावरच्या माडीवर जमतो आणि 2010 पासून प्रत्येक वर्ल्ड कप आणि युरो कप आम्ही तिथंच बघतो. कप संपला की आमची स्वतःची टीम निघते, अकरा जण आणि त्यातला एक बेस्ट प्लेअर. शेजारी कोल्हापूर असल्यामुळं फुटबॉलवर तावातावानं बोलणारी माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, पण निवड करायला बसलं की सगळं अंदाजपंचे चालतं, म्हणून आम्ही कसं करतो ते लिहितोय, तुमच्या ग्रुपला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, वही. दोनशे पानी साधी वही घ्या आणि मॅच संपल्यावर त्याच रात्री, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, तीन नावं आणि प्रत्येक नावापुढं एक ओळ कारण लिहा. हे आम्ही 2018 नंतर सुरू केलं. तेव्हा फायनल झाल्यावर आठवड्यानं निवडीला बसलो आणि एक मित्र म्हणाला कान्तेला घ्या, फ्रान्सच्या मधल्या फळीत सगळं त्यानंच सांभाळलं. बाकीचे म्हणाले फायनलला तर 55 व्या मिनिटाला बाहेर काढला त्याला, कशाला घ्यायचं. त्या मित्राला आतून खात्री होती पण अर्जेंटिनाविरुद्ध 4-3 च्या मॅचला कान्तेनं मेस्सीभोवती काय काम केलं होतं ते नेमकं सांगता येईना, आम्हालाही आठवेना, कारण तोपर्यंत आमच्या डोक्यात फक्त यूट्यूबवरच्या हायलाइट्स उरल्या होत्या आणि हायलाइट्समध्ये एम्बापे पळतोय एवढंच दिसतं. कान्ते आमच्या टीमबाहेर राहिला. मला ती निवड अजून टोचते.

आता बघायचं कसं. आपण सगळे बॉलच्या मागं डोळे पळवतो आणि तिथंच चुकतं. आमच्यात प्रत्येकाला पंधरा मिनिटं एकच प्लेअर वाटून दिला जातो, त्या पंधरा मिनिटांत बॉल कुठंही असो, तुमची नजर त्याच्यावर. बॉल नसताना तो उभा कुठं राहतो, मागं वळून बघतो का, टीमनं बॉल घालवला की पळतो का हात वर करून उभा राहतो, सोबतच्या प्लेअरसाठी जागा मोकळी करतो का. टीव्हीवर प्रत्येक वेळी तो दिसेलच असं नाही, क्लोजअप दाखवतात तेव्हा तर नाहीच, पण गोल किक, थ्रो आणि कॉर्नरच्या वेळी मैदान लांबून दाखवतात तेव्हा लगेच शोधायचा.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर लगेच कळेल मी काय म्हणतोय. व्यापारी ढिगाच्या वरचं चकचकीत कांडं बघून भाव करत नाही, आत हात घालून कांडं काढतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. गोलांची यादी म्हणजे ढिगाचा वरचा थर.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 1994 चा रशियाचा ओलेग सालेन्को. त्यानं 6 गोल मारले आणि बल्गेरियाच्या स्टोइचकोव्हबरोबर गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोलांचं बक्षीस, वाटून घेतला. त्या 6 मधले 5 एकाच मॅचला कॅमेरूनविरुद्ध, आणि रशिया पहिल्याच फेरीत घरी गेली. पाच गोल मारणं सोपं नाही, मी त्याला कमी लेखत नाही, पण स्पर्धेचा बेस्ट म्हणायला तो पुरत नाही. उलट बाजूनं 2018 चा जिरू घ्या. फ्रान्सचा सेंटर फॉरवर्ड, एकही गोल नाही, अख्ख्या स्पर्धेत गोलवर नेमका एक शॉटसुद्धा नाही, तरी कोच त्याला काढत नव्हता, कारण दोन-दोन स्टॉपर, म्हणजे गोलीसमोरचे मधले बचावपटू, अंगावर घेऊन बॉल थांबवायचं काम तो करायचा आणि त्या मोकळ्या जागेत एम्बापे आणि ग्रिझमन घुसायचे. म्हणून आमचा नियम असा की फॉरवर्डच्या पानावर गोल लिहायचेच, पण कुणाविरुद्ध, स्कोअर काय असताना, आणि पेनल्टीचे वेगळे. 2018 ला इंग्लंडच्या केनचे 6 गोल होते त्यातले 3 पेनल्टी, 2022 ला मेस्सीचे 7 त्यातले 4 पेनल्टी. पेनल्टीचा गोल आम्ही अर्धा धरतो. यावर आमच्यातच दोघांचा विरोध आहे, तुम्ही तुमचं ठरवा, पण स्पर्धा सुरू व्हायच्या आधी ठरवा, मधे नियम बदलायचा नाही.

गोलकीपरचं वेगळं. किती शॉट अडवले हे मोजून फसायला होतं, कारण बचाव ढिसाळ असेल तर शॉट जास्तच येणार. 2022 ला मोरोक्कोनं सेमीफायनलपर्यंत एकच गोल खाल्ला तोही स्वतःच्याच माणसाकडून, त्यात गोलीचं जेवढं श्रेय तेवढंच पुढं मधल्या फळीत उभ्या असलेल्या अमराबातचं. तेव्हा गोलीसाठी वहीत दोनच प्रश्न लिहायचे, त्यानं अडवलं नसतं तर मॅच गेली असती का, आणि त्याच्या चुकीनं काही गेलं का. त्याच कपात क्रोएशियाचा गोली लिवाकोविच, त्यानं जपानविरुद्ध शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या, पुढच्या मॅचला ब्राझीलची पहिली पेनल्टीही अडवली, तिथं उत्तर सरळ आहे.

स्टॉपरसाठी मात्र धीर लागतो. चांगला स्टॉपर घसरून टॅकल मारताना कमी दिसतो कारण तो आधीच जागेवर असतो. 2006 ला इटलीनं सात मॅचमध्ये दोनच गोल खाल्ले, एक स्वतःच्या माणसाचा आणि एक झिदानची पेनल्टी, आणि त्या टीमचा स्टॉपर कानावारो याला त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षाच्या बेस्ट प्लेअरचं बक्षीस, मिळाला. विंगर (कडेचा फॉरवर्ड) आणि बॅक (त्याच कडेचा बचावपटू) यांचं एकत्र बघा, एकाच बाजूचे दोघे एकमेकांना झाकतात.

फायनलची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 2002 ला जर्मनीचा ऑलिव्हर कान गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेच्या बेस्ट प्लेअरचं बक्षीस, जिंकणारा एकमेव गोलकीपर ठरला, पण मतं फायनलच्या आधीच पडली होती, आणि फायनलला रिवाल्डोचा शॉट त्याच्या हातातून सुटला आणि रोनाल्डोनं गोल घातला, ब्राझील 2-0. रोनाल्डोचे स्पर्धेत 8 गोल. कान जर्मनीला तिथवर घेऊन आला होता हे खरंच आहे, तरी मत फायनल झाल्याशिवाय द्यायचं नाही. पण उलटही होऊ देऊ नका, एका फायनलनं मागच्या सगळ्या मॅच पुसायच्या नाहीत. 2023 च्या महिलांच्या वर्ल्ड कपला स्पेन जपानकडून 4-0 हरली आणि तीच टीम पुढं कप जिंकली, गोल्डन बॉल त्यांच्याच ऐताना बोनमातीला. आणि टीम हरली म्हणून प्लेअर कापायचा नाही, 2010 चा बेस्ट फोरलान होता आणि उरुग्वे चौथी आली होती. आम्ही ग्रुपच्या मॅचला एक, नॉकआउटला दोन आणि सेमी आणि फायनलला तीन असं वजन देतो, एवढं पुरतं.

2026 च्या कपला 48 टीम आणि 104 मॅच, शिवाय अमेरिकेच्या पूर्व भागात दुपारी तीनला सुरू झालेली मॅच आपल्याकडं रात्री साडेबाराची, सकाळी कामावर जाणाऱ्यानं सगळ्या बघायच्या म्हणजे आजारपण. त्यामुळं मॅच वाटून घ्यायच्या, प्रत्येक मॅचला किमान दोघांनी जागायचं, आणि ज्यानं मॅच लाईव्ह बघितली नाही त्यानं त्या मॅचवर मत द्यायचं नाही. चार मॅचपेक्षा कमी खेळलेला प्लेअर आम्ही यादीत घेत नाही.

शेवटी बैठक. फायनलनंतर दोन दिवसांत, जास्त लांबवायचं नाही, भडंग आणि चहा असला की तास-दीड तासात होतं. प्रत्येकानं 5, 3 आणि 1 असे मार्क द्यायचे आणि प्रत्येक नावामागं वहीतली ओळ वाचून दाखवायची, वहीत ओळ नसेल तर ते मत धरायचं नाही. अकरा जण निवडताना ते खरोखर एकत्र खेळू शकतील असे घ्या, चार फॉरवर्ड आणि एकही बॉल अडवणारा नाही असली टीम कागदावर छान दिसते आणि मैदानावर पाच गोल खाते.

2022 च्या बैठकीत काय झालं ते सांगतो. अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल रविवारी रात्री साडेआठला होती, माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या वाट्याला अर्जेंटिनाचा डी मारिया आला होता. तो डावीकडं खेळत होता, समोर फ्रान्सचा बॅक कुंदे, आणि माझ्या वहीत असं आहे (आकडे मिनिटांचे): "कुंदे मागं मागं सरकतोय. 23 पेनल्टी यानंच काढली. 36 गोल, पळत आला लांबून, कुणी बघितलंच नाही. फ्रान्सचा अजून एक शॉट नाही. 64 बाहेर." त्याच्या खाली मोठ्या अक्षरात "80, 81 एम्बापे". त्या रात्री एम्बापेनं हॅटट्रिक मारली, मेस्सीनं दोन गोल मारले, अर्जेंटिनाचा गोली मार्टिनेझ यानं 123 व्या मिनिटाला पाय लांबवून फ्रान्सच्या कोलो मुआनीचा शॉट अडवला, त्यामुळं डी मारियाचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. मी ओळी वाचल्या, माडी शांत झाली, मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या दादांनी स्वतःची वही काढली, त्यांच्याकडं 65 व्या मिनिटापुढं लिहिलं होतं, "डावी बाजू थंड पडली." तरी डी मारिया आमच्या अकरात बसला नाही, कारण नॉकआउटला त्याआधी तो जवळजवळ खेळलाच नव्हता आणि आमचा वजनाचा नियम आम्ही मोडला नाही. बेस्ट प्लेअर मेस्सी, नऊपैकी सात मतं. पण त्या फायनलचा मॅन ऑफ द मॅच आम्ही वेगळा काढला आणि वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेननं डी मारियाचं नाव लिहिलं.