मानसोपचाराची पहिली भेट: तयारी आणि निवड

झोप उडणे, कशातही मन न लागणे, अन्नावरची वासना जाणे किंवा वारंवार रडू येणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आणि त्यामुळे रोजची कामे अडू लागली, तर तज्ज्ञांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असून ते औषधे लिहून देतात, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र कमी-अधिक शिक्षण घेतलेले अनेक जण लावतात. म्हणून पदवी आणि अनुभव विचारून घ्यावा, आणि हा प्रश्न ज्यांना खटकतो त्यांच्याकडे न गेलेलेच बरे. खासगी शुल्क झेपत नसल्यास जिल्हा रुग्णालयात, मुंबईच्या केईएम किंवा पुण्याच्या ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या नावाने अनेकांना धडकी भरते, परंतु तेथेही बाह्यरुग्ण म्हणून तपासून घरी परतता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. १४४१६ ही ‘टेली मानस’ सेवा चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.

पहिल्या भेटीला जाताना त्रास कधी सुरू झाला, झोप किती लागते, कोणती औषधे चालू आहेत, दारू-तंबाखूचे प्रमाण काय आणि कुटुंबात कोणाला असा आजार होता का, हे कागदावर लिहून न्यावे, कारण गर्दीच्या ओपीडीत मिळणारी मिनिटे मोजकीच असतात आणि समोर बसल्यावर नेमके महत्त्वाचे तेच राहून जाते. आत्महत्येचे विचार येत असल्यास तेही स्पष्ट सांगावे. सोबत आलेल्या नातेवाइकांचा आधार मोठा असतो, तरीही काही वेळ एकट्याने बोलायचे आहे असे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, त्यामुळे आठवड्याभरात निष्कर्ष काढू नये आणि ती स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नयेत. संवादोपचारात तीन-चार सत्रांनंतर आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे विचारावे. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ असे ऐकवले जात असेल किंवा आपल्याच चुका मोजल्या जात असतील, तर तज्ज्ञ बदलण्यात कसलाही कृतघ्नपणा नाही. एका ठिकाणी सूर जुळला नाही म्हणून उपचारच सोडून देणारी माणसे पाहून मला फार वाईट वाटते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आपल्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क रुग्णाला आहे. जुना केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊनच नव्या तज्ज्ञांकडे जावे, आणि ते सांगेपर्यंत चालू औषधे तशीच घेत राहावीत.