भुलेच्या आदल्या रात्री कुत्र्याचं ताट उचला

उद्या सकाळी कुत्र्याची किंवा मांजरीची नसबंदी असेल, तर तिचं जेवण रात्री दहाच्या आत उरका आणि ताट धुऊन वर ठेवा. भूल चढली की गिळणं-खोकणं थांबतं; पोटातलं अन्न वर आलं तर ते सरळ श्वासनलिकेत जातं. मोठ्या, धडधाकट जनावराला साधारण 6 ते 8 तासांचा उपास पुरतो. पाणी मात्र निघेपर्यंत राहू द्या. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्याची साखर उतरते. सशाला तर नाहीच. त्याला उलटी होतच नाही. यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच घ्या.

घरातल्या प्रत्येकाला सांगा, आजीला सगळ्यात आधी. सकाळी चहा चालू असतो, तो बिचारा पायाशी बसून एकटक बघतो आणि बशीतला बटर हळूच खाली जातो. गेलाच असेल तर लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते. आणि आपल्या नाशकात घरोघरी द्राक्षं. ती कुत्र्याला एरवीही विषारी, टोपली उंचावर ठेवा.

वजन त्याच सकाळी काट्यावर करून घ्या. भुलेची मात्रा किलोवर ठरते, अंदाजावर नाही. पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल, फिट येत असेल, कसली गोळी चालू असेल तर आधीच बोला.

डिसेंबर-जानेवारीत सोबत जुनी गोधडी न्या. भुलेत अंग गार पडतं, आणि गार अंगाला शुद्धीवर यायला वेळ लागतो.